दुपारी दीडचा बदल

चौकातला दिवा लाल होता म्हणून रेन्स्के डाइकेमा एक पाय जमिनीला टेकवून सायकलवर थांबली होती. रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा होता. कालव्यावरून धुकं वर येत होतं आणि कुजक्या पानांचा गोडसर वास सुटला होता. तिच्या शेजारून चार-पाच सायकली न थांबता निघून गेल्या. त्यातल्या एकीच्या मागच्या खुर्चीत चारेक वर्षांची एक मुलगी होती. तिनं मान पूर्ण वळवून रेन्स्केकडे पाहिलं आणि जाता जाता मोठ्यानं विचारलं, "आई, ती आजी तिथे का थांबलीये?" आईनं काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. दिवा हिरवा झाला तरी रेन्स्के क्षणभर तशीच उभी होती, आणि मागून कुणीतरी घंटी वाजवली.

'आजी' तिला फारसं लागलं नाही. वय छप्पन्न, केस पांढरे, ते रंगवायचे तिनं कधीच सोडून दिले होते. तिची स्वतःची मुलगी नॉर्वेत राहायला गेली त्या वर्षापासून असेल. लागलं ते 'का'. ग्रोनिंगन शहराच्या स्टेशनाजवळच्या ऑफिसापर्यंतच्या उरलेल्या वाटेवर पायडल मारताना ते 'का' कोटाच्या खिशात राहिलेल्या खड्यासारखं हाताला लागत राहिलं. रस्ता मोकळा होता हे तिनं पाहिलं होतं. दिवा लाल आहे हेही पाहिलं होतं. पण थांबायचं असं तिनं ठरवलं होतं का? पाय आपोआप खाली टेकला होता. चौकात काही घडलं नसतं, आणि ती थांबली म्हणून कुणाचं भलंही झालं नव्हतं. मग थांबली होती ती कोण? तिचं डोकं, की नुसता तिचा पाय?

एरवी तिनं असल्या विचाराला दारात उभं केलं नसतं. थांबवणं हा तिचा धंदा होता आणि त्यात ती तरबेज होती. तिची कंपनी एकच सॉफ्टवेअर बनवायची. उत्तरेकडच्या खेड्यापाड्यांत घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांना सकाळी फोनवर दिवसाची यादी मिळते, कुणाकडे किती वाजता जायचं, कुणाला कोणतं औषध, कुणाची जखम बांधायची, ती यादी तयार करणारं. त्या सॉफ्टवेअरमध्ये बटणाचा रंग बदलायचा असला तरी रेन्स्केच्या सहीशिवाय बदल बाहेर पडत नसे. दर आठवड्याला बदलांचे अर्ज तिच्यासमोर यायचे. काय बदलणार, कुणासाठी, कधी, बिघडलं तर परत पहिल्यासारखं कसं करणार. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नुसतं लिहून भागायचं नाही, करून दाखवावं लागायचं. कंपनीत पाठीमागे तिला 'फाटक' म्हणत. "तुझा अर्ज फाटकातून सुटला का?" असं पोरं जिन्यात एकमेकांना विचारायची. तिला ते ठाऊक होतं आणि, कुणाला सांगितलं नसलं तरी, आवडतही होतं. तिनं अडवलेल्या बदलांमधले निम्मे तरी फुटले असते, आणि फुटले नाहीत म्हणूनच कुणाला ते कळलं नव्हतं. रात्रीचे बदल तिनं मुळातच बंद केले होते. बाकीच्या कंपन्या लोक झोपल्यावर बदल करायच्या. रेन्स्के म्हणायची, जे करायचं ते दुपारी दीड वाजता करा. सकाळच्या फेऱ्या संपलेल्या असतात, संध्याकाळच्या सुरू व्हायच्या असतात, सगळे जागे असतात आणि सगळ्यांच्या पोटात अन्न असतं.

साडेनऊच्या बैठकीत त्या गुरुवारी एकच अर्ज होता. योरिटचा. योरिट हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा प्रमुख, चौतिशीतला उंच फ्रिजियन, म्हणजे शेजारच्या प्रांतातला, दाढी कायम अर्धवट, बोलताना टेबलावर बोटांनी ताल धरायचा. त्या सकाळी बोटं गप्प होती. सोमवारी त्यांच्यातल्या एका मुलीला मोठी चूक सापडली होती. येत्या शनिवार-रविवारच्या रात्री घड्याळं तासभर मागे जाणार, म्हणजे दोन ते तीनचा तास दोनदा येणार. रविवारची यादी नेमकी त्याच तासात तयार होते, आणि वसंतात केलेल्या एका बदलानंतर ती आता दोनदा तयार होणार होती. ज्यांना दर बारा तासांनी औषध द्यायचं अशा लोकांच्या नावावर सकाळच्या दोन भेटी पडणार होत्या, दोन वेगवेगळ्या परिचारिकांच्या यादीत. एक साडेसातला इन्सुलिन देऊन जाईल. दुसरी नऊला येईल, तिच्या फोनवर खूण नसेल, तीही देईल.

"किती जण?" रेन्स्केनं विचारलं.

"आजच्या घडीला एकेचाळीस." योरिट म्हणाला. "दुरुस्ती तयार आहे. तपासलीये. फक्त…"

"फक्त परतायची वाट तपासली नाहीये."

"वेळच नव्हता गं. तीन दिवसांत एवढंच झालं. आणि तू काय म्हणणार ते मला माहितीये, मी नुसतं मांडायचं म्हणून मांडतोय." त्यानं खुर्ची मागे ढकलली. "नाही म्हण आणि मोकळं कर मला."

टेबलाच्या टोकाला व्होल्टर बसला होता, कंपनीचा संचालक. हिरवट स्वेटर, समोर कॉफी, वागणं नेहमीसारखंच सौम्य. त्यानं सगळ्यांकडे पाहून हात पसरले. "मला यात वादच दिसत नाही. रेन्स्केचा नियम आहे, परतायची वाट नाही तर बदल नाही, आणि नियम चांगला आहे. आपण आज सगळ्या संस्थांना ईमेल पाठवू, की रविवारी अमुक लोकांच्या बाबतीत लक्ष ठेवा. दुरुस्ती मंगळवारी करू, नीट तपासून. म्हणजे आपण आपलं काम केलं. हो ना, रेन्स्के?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचं 'नाही' त्या खोलीत आधीच येऊन बसलेलं होतं, एखादी जास्तीची खुर्ची असावी तसं. तिनं तोंड उघडलं आणि तिला जाणवलं की शब्द जिभेवर तयार आहे आणि तो तिनं आणलेला नाही. चौकात पाय खाली टेकला होता, तसाच. तिनं तोंड मिटलं. व्होल्टरच्या कपातून वाफ येत होती. वाफेच्या आड त्याचा चेहरा इतका निश्चिंत होता की तिला एकदम त्याचा राग आला. मग कळलं, राग त्याचा नाही. तिचा नियम त्याला इतका सोयीचा कधीपासून झाला होता? नियम पाळायचा, ईमेल पाठवायची, आणि रविवारी जे होईल ते ईमेल न वाचणाऱ्याच्या माथी.

"परतायची वाट करून बघायला किती वेळ लागेल?" तिनं योरिटला विचारलं.

योरिटनं नीट ऐकू आलं नसल्यासारखं पाहिलं. "चाचणीच्या मशीनवर? दीड तास."

"मग आत्ता सुरू कर. मी बाराला ठरवते."

व्होल्टर म्हणाला, "पण आपलं ठरलंच ना?"

"तुझं ठरलं," रेन्स्के म्हणाली. "माझं बाराला."

आपल्या खोलीत येऊन ती खिडकीपाशी उभी राहिली. खाली सायकलींच्या तळावर एक माणूस अडकलेलं हँडल सोडवत होता, शांतपणे, एकेक तार वेगळी करत. हा नियम तिनं केला त्याला नऊ वर्षं झाली होती. त्याआधी ती बाकीच्यांसारखीच होती, हसतमुख, चटकन सही करणारी. नऊ वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत तिनं एका बदलाला मंजुरी दिली, संध्याकाळी, जाता जाता, कोट अंगात घातलेला असताना. पहाटे किनाऱ्याकडच्या सगळ्या परिचारिकांचे फोन कोरे झाले. परतायची वाट कागदावर होती आणि कागदावरच राहिली. दुपार होईपर्यंत कुठे कोण आजारी आहे हे कुणालाच कळत नव्हतं. ओस्टरहोफ नावाची एक म्हातारी त्या दिवशी पहाटेपासून दुपारी दीडपर्यंत पलंगावर पडून होती, ओली, एका कुशीवर, कारण तिला उठवून बसवणारी बाई आलीच नाही. ती जगली. पुढे दोन वर्षं चांगली होती असंही रेन्स्केनं ऐकलं. पण चौकशीच्या अहवालात तिचं एक वाक्य होतं, शेवटी आलेल्या परिचारिकेला ती म्हणाली होती ते: 'मला वाटलं मी मेले आणि कुणाला कळवायचंच राहून गेलं.' अहवालात त्या वाक्याखाली ताशेरा नव्हता, ठपका नव्हता. सगळ्यांनी ते वाचून पान उलटलं होतं. रेन्स्केनं उलटलं नाही. त्या पानातून तिनं आपला नियम बाहेर काढला, आणि त्या नियमाच्या आत शिरून ती नऊ वर्षं राहिली. ऊबदार होतं तिथे. भिंती जाड होत्या. आत बसून तिला कधीच वाटलं नव्हतं की त्या म्हाताऱ्या बाईसाठी केलेली ही जागा हळूहळू तिची स्वतःचीच झाली आहे, आणि बाई अजून बाहेरच पडून आहे.

पण म्हणून नियम खोटा होता का? नव्हता. हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ते माहीत असण्यात तिला बरं वाटलं. इतकी वर्षं अडवलेले बदल तिनं भीतीपोटी अडवले नव्हते. एकेक वाचून, एकेक प्रश्न विचारून अडवले होते. तिला प्रश्न विचारता येत होते. एखाद्या अर्जाची तीन पानं वाचून कुठे पोकळ आवाज येतोय ते तिला कळायचं, टरबूज विकणारा बोटानं ठोकून सांगतो तसं. आजचा प्रश्न एवढाच होता की तिनं आज ठोकून पाहिलं होतं की नाही. व्होल्टरच्या ईमेलला तिनं आता ठोकून पाहिलं. रविवारी कामावर कोण असतं? बदलीच्या मुली, एजन्सीच्या, आठवड्यातून एकदा येणाऱ्या. त्या गुरुवारची ईमेल वाचत नाहीत, त्यांना पाठवलीही जात नाही. आणि आजचे एकेचाळीस रविवारी एकेचाळीस नसतील. शुक्रवारी इस्पितळातून चौघं घरी येतील, शनिवारी कुणी दगावेल, कुणाचं औषध बदलेल. ईमेलमधली नावं शनिवारीच शिळी होतील. आवाज पोकळ आला. अगदी पोकळ.

पावणेबाराला योरिट दारात आला. त्याच्या कपाळावर घाम होता. "परत येता येत नाही," तो म्हणाला. "दोनदा करून पाहिलं. जुन्यावर परत आलं की मधल्या वेळात परिचारिकांनी केलेल्या खुणा जातात. कुणाला औषध दिलं आणि कुणाला नाही, सगळं पुसलं जातं." तो न बसता खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "तू करून बघायला लावलं नसतंस ना, तर मी लिहून दिलं असतं, परत येता येतं म्हणून. शपथेवर दिलं असतं."

"माहितीये मला."

"म्हणजे झालं. ईमेल लिहितो."

"बस," रेन्स्के म्हणाली. "मला सांग, नव्यामध्ये तुझा कुठे विश्वास नाही?"

त्यानं विचार केला. तिला तेच हवं होतं. 'पूर्ण विश्वास आहे' असं म्हणाला असता तर तिनं तिथेच विषय संपवला असता. "यादी बनते ते चोख आहे. घड्याळाचा भाग पंचवीस वेळा चालवलाय. यादी फोनवर पोचते तिथे थोडी धाकधूक. तिथे खऱ्या गावांची, खऱ्या पथकांची नावं असतात, आणि आपण चाचणी खोट्या नावांवर करतो."

"म्हणजे बिघडलं तर यादी पोचणार नाही. चुकीची पोचेल का?"

"नाही." या वेळी त्यानं लगेच सांगितलं. "कोरी येईल. चुकीची येणार नाही."

कोरी. हा शब्द ऐकल्यावर तिला तो फेब्रुवारी आठवला. तिनं तो आठवू दिला. मग रेन्स्केच्या लक्षात आलं की तिचं डोकं त्या सगळ्या वेळात काम करतच होतं. कोऱ्या यादीवर उपाय असतो. तो यंत्रात नसतो इतकंच. नऊ वर्षांपूर्वी पहाट होती, सगळे अंथरुणात होते, कुणाच्या हातात काहीच नव्हतं. आज दुपार होती. तिनं फोन उचलला आणि आल्ये बुल्टहाउसला लावला. आल्ये ही यादी वापरणाऱ्या सगळ्या, बत्तीसही पथकांची प्रमुख होती, स्वतः तीस वर्षं घरोघरी फिरलेली, आवाज शेतावरून हाक मारल्यासारखा.

"मॉइ, रेन्स्के!" तिनं तिकडच्या पद्धतीनं नमस्कार केला. "तू फोन केलास म्हणजे काहीतरी बंद करायला सांगणार."

"उलटं. आज दीडला यादीतली एक दुरुस्ती बाहेर सोडायचा विचार आहे. परतायची वाट नाही."

"तू म्हणतेयस हे? तू?"

"मी म्हणतेय. ऐक. आज संध्याकाळची, आणि उद्याला आधार म्हणून आज सकाळचीही, सगळ्या पथकांची यादी एक वाजायच्या आत कागदावर छापून प्रत्येकीच्या हातात पडू शकते का? नुसती फोनवर पाठवू नकोस. कागद. हातात."

"एक वाजायच्या आत? अगं बाई, बारा वाजतायत."

"म्हणून तुला विचारतेय, दुसऱ्या कुणाला नाही."

आल्ये हसली. "लोणी लावू नकोस. दोन छपाईयंत्रं आहेत, त्यातलं एक मूडवर चालतं. दीडऐवजी पावणेदोन कर."

"दीडच. साडेचारला तुझ्या पोरी बाहेर पडतात, मला मध्ये तीन तास हवेत."

"तू बदलली नाहीस गं," आल्ये म्हणाली. "बरं. एक वाजून वीसला फोन करते. नाही केला तर समज, झालं नाही, आणि तुझं तू थांबव."

व्होल्टर जेवणाच्या टेबलाशी भेटला, पावावर चीज ठेवत. रेन्स्केनं शेजारी बसून ताकाचा डबा उघडला आणि त्याला सगळं सांगितलं. तो चावायचा थांबला. "आणि फुटलं तर? लोक विचारतील, तुमचाच नियम होता ना म्हणून. मला उत्तर द्यावं लागेल."

"तुला नाही. अर्जावर निर्णय कुणाचा तिथे आपण 'बैठक' असं लिहितो. आज माझं नाव लिहितेय."

"तसा रकाना नाहीये."

"समासात लिहीन."

व्होल्टरनं पाव खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला नुसतं कुठल्याही गोष्टीच्या जवळ उभं राहायला आवडत नसे. "तुला एवढी खात्री कशी गं?" त्यानं विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता.

"नव्याची नाहीये. ईमेलची आहे, ती उपयोगाची नाही याची. दोन्हींत धोका आहे, व्होल्टर. एका धोक्याशी मला आज दुपारी डोळ्यात डोळे घालून उभं राहता येतं. दुसरा रविवारी सकाळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात घडेल, आणि तिथे मी नसेन." ताक थंड आणि जाडसर होतं. तिनं डबा संपवला. तिला भूक लागली होती हेच तिला विशेष वाटलं. तिनं आणखी एक पाव घेतला.

एक वाजून एकवीस मिनिटांनी आल्येचा फोन आला. "एक गठ्ठा अजून रस्त्यात आहे, पण सायकलवर आहे, पोचेल. कर तुझं."

दीडला योरिटनं बटण दाबलं. खोलीत पाच जण होते. पडद्यावर पथकांची नावं एकेक करून हिरवी व्हायला लागली. रेन्स्के हात पाठीमागे बांधून उभी होती. अशा वेळी तिचं मन एरवी मागच्या दाराशी असायचं, किल्ली हातात घेऊन, काही हललं की सगळ्यांना बाहेर काढायला. आज मागचं दार नव्हतं. तिला वाटलं होतं की पाठ उघडी पडेल, गार लागेल. तसं झालं नाही. सगळं लक्ष समोर आलं होतं आणि समोरचं फार स्पष्ट दिसत होतं, योरिटच्या नखांवरच्या पांढऱ्या रेघा, पडद्याच्या कोपऱ्यातली धूळ, हिरवी होणारी अक्षरं. एकतीस पथकं हिरवी झाली. बत्तिसावं झालं नाही. एक अठ्ठेचाळीस झाले तेव्हा ते लाल झालं, आणि लगेच आल्येचा फोन वाजला.

"झान्ट गावच्या पोरींचे फोन कोरे आहेत."

"कागद आहेत?"

"आहेत. सहाही जणींकडे."

"मग त्यांना सांग, कॉफी घ्या. साडेचारला कागदावर निघायची तयारी ठेवा. मी कळवते."

व्होल्टर दारात येऊन उभा राहिला होता. कुणी त्याला बोलावलं असेल. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "परत फिरा," तो म्हणाला. "काहीही करा, जुनं परत आणा."

"नाही," रेन्स्के म्हणाली.

हे 'नाही' तिचं तिनं आणलं होतं. तिला तोंडात त्याचं वजन कळलं. "जुनं आणलं तर एकतीस पथकांच्या खुणा जातील. फेऱ्या नसल्या तरी दुपारी द्यायच्या एखाददुसऱ्या औषधाच्या खुणा पडायला लागल्यात. एका पथकाकडे कागद आहे, त्यांचं काही अडलेलं नाही. योरिट, बाकीच्यांपेक्षा झान्टचं वेगळं काय आहे?"

"काहीच नाही. सहा परिचारिका, चौऱ्याऐंशी लोक, सगळं इतरांसारखंच…"

"आकडे नकोस सांगू. नाव वाच मला. लिहिलंय तसं, अक्षर न अक्षर."

योरिट पडद्याजवळ वाकला. "टी, मग मोकळी जागा, झेड, ए…" तो थांबला. त्या गावाचं नाव उत्तरेत सगळ्यांना पाठ होतं, लिहिताना सुरुवातीला, टीच्याही आधी, वर स्वल्पविरामासारखं एक छोटं टिंब येतं, जुन्या भाषेतून उरलेलं, आणि मग गाव सुरू होतं. बोलताना ते ऐकूच येत नाही. "टिंब," योरिट म्हणाला. "आई शप्पथ! पहिलं अक्षरच टिंब आहे. प्रोग्रॅमला वाटतंय, नाव तिथेच संपलं. आपल्या खोट्या गावांत एकालाही टिंब नाहीये!" आणि त्याची बोटं टेबलावर ताल धरायला लागली. तिथे बसलेल्या कुणालाही हसायला आलं असतं, पण हसलं कुणी नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती. त्यानं ती लिहिली आणि हात वर केले, रेन्स्केकडे बघत. एका ओळीचा बदल हासुद्धा बदलच होता, आणि घाईतली एक ओळ तिनं आजवर कधी सोडली नव्हती. "मोठ्यानं वाच," ती म्हणाली. त्यानं वाचलं. "आता उलट बाजूनं सांग, ज्या नावांत टिंब नाही त्यांचं काय होईल?" त्यानं सांगितलं. "खोट्या गावांमध्ये एक टिंबवालं गाव घाल आणि चालवून दाखव." चालवून दाखवलं. चौदा मिनिटं गेली. व्होल्टर दाराच्या चौकटीला टेकून घड्याळ बघत होता आणि रेन्स्के बघत नव्हती. मग ती म्हणाली, "सोड," आणि दोन वाजून नऊ मिनिटांनी बत्तिसावं पथक हिरवं झालं.

आल्येनं फोनवर एवढंच सांगितलं, "आलं. पोरी म्हणतायत कॉफी फुकट गेली का." योरिट खुर्चीत मागे रेलून डोळ्यांवर हात ठेवून बसला होता. रेन्स्के आपल्या खोलीत गेली, अर्ज समोर घेतला आणि समासात आपलं नाव लिहिलं, पूर्ण, वळणदार. 'परतायची वाट' या रकान्यात तिनं आधी 'नाही' लिहिलं, मग त्यापुढे, 'कागद, बत्तीस पथकांच्या हातात, आल्ये बुल्टहाउसमुळे'. असं काही तिथे आजवर कुणी लिहिलं नव्हतं. नियम तिनं खोडला नाही. सोमवारी योरिटची माणसं परतायची वाट बांधायला बसणार होती, तीन आठवड्यांचं काम, आणि ते झाल्याशिवाय पुढचा एकही बदल ती सोडणार नव्हती. हे तिनं योरिटला जाताना सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे फाटक परत लागलं," आणि मग जीभ चावून लालबुंद झाला. "लागलंच," रेन्स्के म्हणाली. "उघडायचं कधी ते मला कळतं, एवढंच."

शुक्रवार-शनिवार तिला झोप नीट लागली. रविवारी सकाळी घड्याळात सात वाजले होते आणि अंगात आठ. तिनं कॉफी केली आणि ओट्याशी उभं राहूनच प्यायली. फोन शेजारी होता. तिला काळजी वाटत नव्हती, पण हात सारखा तिकडे जात होता. एकेचाळीसचे शनिवारपर्यंत त्रेचाळीस झाले होते. त्यांच्यातल्या कुणाचंच नाव तिला माहीत नव्हतं. नऊ वर्षांत एकाही रुग्णाचं नाव तिनं मुद्दाम जाणून घेतलं नव्हतं, एक सोडून. सव्वानऊला फोन वाजला.

"मी हाइकेन्सकडे आहे, सकाळी सुई देऊन गेले होते, आता तक्रार ऐकायला परत आलेय," आल्ये म्हणाली. ती आज स्वतः फेरीला निघाली होती, कुणी सांगितलं नसताना. "त्रेचाळीसच्या त्रेचाळीस, एक भेट, एक सुई. शेवटचीचा निरोप आत्ताच आला. पण हा बाबा ऐकत नाहीये, याला तुझ्याशीच बोलायचंय. याला सांगितलं, यादी करणारी बाई माझ्या ओळखीची आहे, तर म्हणतो, दे फोन. घे."

फोनमध्ये खोकला ऐकू आला, मग एक खरखरीत, ठणठणीत आवाज. "कोण, कॉम्प्युटरवाल्या बाई का?"

"हो. रेन्स्के डाइकेमा. बोला, हाइकेन्स."

"मी एक्याऐंशी वर्षांचा आहे. सरकारनं घड्याळ मागं नेलं ते मला कळतं. माझ्या कोंबड्यांना कळत नाही. त्या जुन्या साडेसातला ओरडायला लागल्या. मी उठलो, बसून राहिलो, आणि तुमची ही बाई तासाभरानं आली. साखर तपासेपर्यंत न्याहारी करायची नाही म्हणतात. अहो, तासभर मी अंड्याकडे बघत बसलो होतो! उकडलेलं, समोर ठेवलेलं!"

"चूक झाली," रेन्स्के म्हणाली.

"चूक-बिक नको. मला वेळ बदलून हवीय. हिवाळाभर साडेसहाला या. करता येतं का तुम्हाला, की तिथे नुसत्या बसून असता?"

ओट्यावर पेन होतं, कागद नव्हता. तिनं दुधाचा रिकामा खोका पुढे ओढला आणि त्याची बाजू सपाट केली. "करता येतं," ती म्हणाली. "सावकाश सांगा, मी लिहून घेते. पूर्ण नाव?"

"हिंड्रिक हाइकेन्स."

"काय बदलायचं?"

"सकाळची वेळ. साडेसात नको, साडेसहा."

"कारण?"

इतक्या वर्षांत त्याला कुणी कारण विचारलं नसावं. मग तो सांगायला लागला, कोंबड्यांपासून, आणि रेन्स्के एकही शब्द न गाळता लिहीत गेली.